नाक्यावर रंगलेला चेहरा

आत्या, तुझा फोटो मी बदलला. विचारायला तू नव्हतीस, आणि घरात विचारलं असतं तर सगळे नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही.

भाऊकाकांनी निवडलेला फोटो तू बघितला असतास तर हातातली उशी फेकून मारली असतीस. कोणाच्या तरी साखरपुड्यातला, शेजारच्या बाईचा खांदा कापून वेगळा केलेला. डोक्यावरून पदर, ओठ घट्ट मिटलेले, रेशनकार्डासाठी बसवून काढल्यासारखा. त्याखालचा मजकूर काकांनी मला तोंडी सांगितला. 'भावंडांच्या शिक्षणासाठी स्वतःचं आयुष्य वेचणाऱ्या, त्यागमूर्ती, धर्मपरायण कै. यमुनाताई यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली दहाव्याचा दिवस आणि आमची सगळ्यांची नावं.

"तू कॉम्प्युटरवाली," काका म्हणाले. "बोईसरला जाऊन तेवढा फ्लेक्स करून आण. उद्या सकाळी नाक्यावर लागला पाहिजे."

मी मान हलवली. माझ्या मान हलवण्यावर तू किती वैतागायचीस! "होय म्हण, नाहीतर नाही म्हण. नंदीबैलासारखी मान काय हलवतेस?"

फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाने फोनवरून तुझा फोटो घेतला आणि पडद्यावर मोठा केला.

"दादी हैं आपकी?"

"बुआ."

"ठीक है. दिया लगाऊँ कि फूल?"

त्याने तुझ्या दोन्ही बाजूंना एकेक समई लावून दाखवली. तू त्या समयांमध्ये इतकी अवघडून बसली होतीस की मला बघवेना. माझ्या फोनमध्ये तुझा दुसरा फोटो होता, तू पत्र्याच्या ट्रंकेतून काढून दाखवला होतास तो. रंग विटून जरा नारिंगी पडलेला. मागे कारंजं आणि गुलाब रंगवलेला पडदा. पोपटी साडी, कमरेवर हात, गालावर काजळाचा तीळ, आणि डाव्या खांद्यावर पदराला एकच मोठं लाल फूल, जे बाकीच्या साडीत कुठेच नाही. फोटो कुठल्या गावातला, हे तुलाही आठवत नव्हतं. "असेल कुठल्यातरी जत्रेतला. पण कमर बघ माझी," एवढंच म्हणाली होतीस.

"रुकिए," मी म्हटलं. "ये वाला नहीं. दूसरा भेजती हूँ."

त्याने तो उघडला आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, श्रद्धांजली का ही है ना?"

"हाँ."

"इसमें तो हँस रही हैं."

"हाँ."

"आँख भी मार रही हैं, लगता है."

मी वाकून बघितलं. डावी पापणी खरंच अर्धी खाली आली होती. इतक्या वेळा तो फोटो बघून मला ते कधी दिसलं नव्हतं. "मारने दो," मी म्हटलं.

मग मजकूर. काकांचा मजकूर सांगायला मी तोंड उघडलं आणि 'त्यागमूर्ती'शी येऊन अडकले. तो शब्द तुझ्यासमोर कोणी काढला की तू चहाचा कप जरा जोरात ठेवायचीस. मी दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नवीन मजकूर लिहिला. 'संगीत नाटकांतली नटी कुंदा. घरचं नाव यमुना. आम्हां सर्वांची आत्या.' दहाव्याचा दिवस तसाच ठेवला. समया काढायला लावल्या.

आता तू म्हणशील, एवढं सगळं करण्यापेक्षा काकांना तोंडावर सांगितलं असतंस तर? ते मला जमलं नाही. जेवढं जमलं तेवढं केलं.

*

घरात तुझी गोष्ट एकाच पद्धतीने सांगतात. आजोबा लवकर गेले. तू थोरली. धाकटे दोन भाऊ, म्हणजे काका आणि माझे बाबा. घर चालवायला तुला 'कार्यक्रम' करावे लागले. भावांचं शिक्षण व्हावं म्हणून तू लग्न केलं नाहीस. बिचारी यमुनाताई. यातलं फारसं काही खोटं नाही, आणि तरी ती गोष्ट तुझी नाही.

तुझी गोष्ट मी तुझ्याकडूनच ऐकली, बेटेगावच्या घरी मागच्या ओट्यावर मासे साफ करताना. मी शाळेत सगळं इंग्रजीत शिकले. मराठी बोलायला शिकले ती तुझ्या नाटकांतल्या संवादांवर, म्हणून अजूनही मला राग आला की माझं वाक्य जरा नाटकी येतं. ऑफिसमध्ये हसतात. हसू देत.

तू सांगायचीस की तेव्हा किनाऱ्याच्या प्रत्येक गावात हौशी मंडळ होतं. देवीच्या जत्रेला, नाहीतर सत्यनारायणाच्या पूजेला नाटक ठरलेलं. काम करणारे सगळे पुरुष गावातले. कोणी बोटीवरचा, कोणी पानवेलीच्या वाडीतला, कोणी मास्तर. पण बायकांच्या कामाला गावातली बाई उभी राहायची नाही. तिला राहू देत नसत. मग नटी बाहेरून आणायची. तिची नक्कल, म्हणजे तिच्या वाट्याचे संवाद आणि गाणी, आधी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून द्यायची. नटीने ती घरी पाठ करायची, नाटकाच्या दिवशी दुपारी गावात उतरायचं, एकच तालीम करायची आणि संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा. हिरोचं तोंड तोवर तिने पाहिलेलंही नसायचं. आणि नाटकं तरी कसली! चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलेला जावई, वेष बदलून आलेली मोलकरीण, मधे मधे गाणी. हसून हसून लोकांच्या सतरंज्या गोळा व्हायच्या, असं तू म्हणायचीस.

पण मला सगळ्यात आवडायचं ते तुझं गावात उतरणं. बाकीच्या नट्या थेट मंडळाच्या खोलीत जायच्या. तू आधी विचारायचीस, "हिरोचं घर कुठलं?" आणि सरळ त्याच्या स्वयंपाकघरात.

"वैनी," त्याच्या बायकोला तू म्हणायचीस, "आज रात्रीपुरता तुमचा नवरा माझा. सकाळी परत करते."

काही जणी हसायच्या. काही जणी लाटणं हातातून खाली ठेवायच्या नाहीत. एकीने तुला विचारलं होतं, "आनि परत नाय दिला तर?"

"ठेवून काय करू, वैनी? गाण्याचं दुसरं कडवं पाठ नाही त्याला."

मग तू तिच्याकडे साडी मागायचीस. तिची स्वतःची, चांगली, नाटकात नेसायला. बाई संशयाने का होईना, कपाट उघडायची. संध्याकाळी गावाचा हिरो परक्या बाईबरोबर गात असायचा, पण त्या बाईच्या अंगावर त्याच्या बायकोची साडी असायची. "मग ती पुढच्या रांगेत बसून माझ्याकडे बघतच नाही गं," तू म्हणायचीस. "साडीकडे बघते. मी बसले की तिचा जीव वर. चुरगळते की काय!" सकाळी घडी घालून, आत एक गजरा ठेवून तू साडी परत करायचीस. जातानाचा डबा त्याच बायका बांधून द्यायच्या.

यावरून आपलं भांडण झालं होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हटलं होतं, "पण आत्या, हे किती वाईट आहे. तुला त्यांच्या बायकांची समजूत काढावी लागायची. त्या पुरुषांना कोणी काही विचारायचं नाही, जाहिरातीत त्यांच्या नावामागे श्री आणि तुला नुसतं नटी."

तू सुरी खाली ठेवलीस. "समजूत काढायला कोण जात होतं? साडी चांगली मिळायची म्हणून जायचे."

"तू विषय बदलतेस."

"तू माझी कीव करतेस. तुझा काका करतो ती वेगळी, तू करतेस ती वेगळी. त्याची मराठीतली, तुझी इंग्रजीतली." मग तू पुन्हा सुरी घेतलीस आणि बोंबलाचं डोकं उडवून म्हणालीस, "मला आवडायचं. एवढं साधं वाक्य आहे. तुम्हाला कोणाला ते का गिळवत नाही?"

मी विचारलं होतं, "मग लग्न?"

"लग्न झालं असतं तर स्टेजवर कोणी जाऊ दिलं असतं? भाऊ शिकले ते बरंच झालं. पण लग्न केलं नाही ते माझ्यासाठी."

जाहिरातीतल्या त्या 'श्री'चा मला अजूनही राग येतो, आत्या. तेवढ्यापुरती मी माघार घेणार नाही. पण कीव मागे घेते.

*

वैतरण्याला आपण एका लग्नाहून परत येत होतो, आठवतं? दुपारची वेळ, फलाटावर आपण दोघी आणि बाकावर झोपलेला एक माणूस. खाडीवरून वारा येत होता. तू मला फलाटाच्या एका टोकाला उभी केलीस आणि स्वतः चालत चालत पार दुसऱ्या टोकाला गेलीस. गुडघे दुखत होते तरी.

"बोल!" तू तिकडून ओरडलीस.

"काय बोलू?"

"ऐकू येत नाही!"

मी माझं नाव सांगितलं. तू कानामागे हात धरलास. मी परत सांगितलं. झोपलेला माणूस उठून बसला आणि माझ्याकडे बघायला लागला, तसा माझा उरलेला आवाजही गेला. तू परत आलीस, धापा टाकत, आणि चिडलेली.

"नाटकाला मागे कोण बसतं माहितीये? घरातलं सगळं आवरून उशिरा येणारी बाई. पुढची जागा तोवर संपलेली असते. तिला ऐकू गेलं नाही तर नाटक झालंच नाही, असं समजायचं."

"मला नाटकात कुठे काम करायचंय?"

"आवाज फक्त नाटकाला लागतो होय?" तू म्हणालीस. तेवढ्यात गाडी आली आणि मी सुटले.

मला तेव्हा वाटायचं, तू मला बदलायला बघतेस. मी गप्प बसणारी आहे, मला लोकांकडे बघत बसायला आवडतं, बोलण्यापेक्षा. तू ते कधी समजून घेतलं नाहीस, हेही आता लिहून ठेवते. तुझ्यावर लिहिताना फक्त गोड लिहिलं तर तू तो कागद बोंबलाची डोकी टाकायला वापरशील.

आणि तरी माझ्यासारख्या मुलीला तू रोज काहीतरी बोलतं केलंस. ऑफिसमधल्या कोणाची तरी नक्कल करून दाखवल्याशिवाय तू मला जेवायला वाढायची नाहीस. जगात फक्त तुझ्यासमोर मी नकला केल्या. आता संध्याकाळी घरी येते तेव्हा दिवसभराचं सगळं माझ्याकडेच राहतं. साहेबांची खोकण्याची पद्धत, कॅन्टीनवाल्याचं चालणं. कोणाला दाखवू?

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी तू कमी बोलायचीस. एका दुपारी नर्स तुझी उशी सरळ करता करता म्हणाली, "आजी, काय करायचात तुम्ही?"

काका उभे होते. "घरीच असायच्या," ते म्हणाले.

तू तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने वर उचललास. नर्स घाईघाईने पुढे झाली. तू तिला दुसऱ्या हाताने थोपवलंस, दम घेतलास आणि म्हणालीस, "नटी."

"गंमत करते," काका नर्सला म्हणाले.

मास्क परत लावला गेला. त्यानंतर तू बरंच काही पुटपुटलीस, पण मला नीट ऐकू आलेला तुझा शेवटचा शब्द तोच. आणि तू गंमत करत नव्हतीस.

*

फ्लेक्स सकाळी लागला. काका दूध आणायला नाक्यावर गेले ते दूध न घेता परत आले.

"हे काय केलंस?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मान हलवण्यासारखं काही नव्हतं.

"भर नाक्यावर! डोळा मारत्येय ती! आणि नटी? दहाव्याला माझे व्याही येणार, कंपनीतले लोक येणार." मग त्यांचा आवाज खाली आला. तो मला जास्त लागला. "शाळेत मला काय म्हणायचे माहितीये? नटीचा भाऊ. बाकावर कोरून ठेवलं होतं. ते पुसण्यात माझा जन्म गेला आणि तू ते आठ फुटी करून टांगलंस."

मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी म्हटलं, "काका, तिला आवडायचं."

"आवडायचं म्हणू नकोस!" ते ओरडले. "नाइलाज होता तिचा. एवढं तरी राहू दे तिच्या पदरात."

बघ आत्या, भांडण कशावर होतं. तू नाटकात होतीस हे कसंबसं त्यांनी गिळलं होतं. तू मजेत होतीस, हे गिळवत नव्हतं.

त्यांनी शिडी काढली, कोयता घेतला आणि नाक्याकडे निघाले. मागे बाबा, बाबांच्या मागे मी. काका शिडीवर चढले. बाबांनी शिडी धरली. ते कोणाच्या बाजूने होते, नेहमीसारखंच कळत नव्हतं. फ्लेक्स एवढा मोठा झाल्यावर तुझ्या खांद्यावरच्या त्या लाल फुलाचा एकेक टाका दिसत होता. काकांनी वरच्या दोरीला कोयता लावला आणि खालून आवाज आला.

"ओ शिडीवाले! काय करतंय तुमी?"

मुरब्याहून बोईसरला जाणारी टमटम थांबली होती. तिच्यातून एक म्हातारी वाकून बघत होती. बरोबर तिची सून, हातात दवाखान्याची पिशवी.

"आजी, आमचा फलक आहे," काका वरून म्हणाले. "तुम्ही जा."

"फलक तुमचा असंल. साडी माजी हाय."

काकांचा कोयता तसाच राहिला. म्हातारी उतरली. सून म्हणाली, "आई, नंबर जाईल आपला." म्हातारीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चालत आली आणि फ्लेक्सखाली येऊन थेट तुझ्या खांद्यावर बोट रोखलं.

"ते फूल बगा. ते माज्या हातचं. लग्नाची साडी, मी इस्तरीनं जाळली. सासूला कळू नय म्हून वर फूल भरलं. आनि या बयेनं एवढ्या साड्यांतून हीच उचलली! म्हनाली, वैनी, असं फूल कोनाकडंच नाय."

"मुरब्यातलं नाटक?" बाबांनी विचारलं. आज पहिल्यांदा ते बोलले.

"तर! आमचे हे हिरो. गान्यात अडकले की पुढचं आठवायचं नाय. ही नाचत नाचत जवळ जायची नि कानात सांगायची. लोकांना वाटायचं काय प्रेम हाय!" ती तोंडाला पदर लावून हसली. "सकाळी साडी परत केली, नवरा परत केला. साडी जास्त नीट ठेवली होती."

टपरीवरचा चहावाला हसला. सूनसुद्धा हसली. काका शिडीवर होते, आणि हसायचं की उतरायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मंग?" म्हातारीने वर बघून विचारलं. "कोन तुमची ती?"

काकांनी मान वळवून फ्लेक्सकडे बघितलं. मला दिसलं, ते तुझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होते, त्यांचं डोकं तुझ्या हनुवटीशी. कारखान्याकडे जाणारा टँकर हॉर्न वाजवत गेला.

"आत्या," मी म्हटलं.

"काय?"

"माझी आत्या."

म्हातारीने कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल, पोरी. ऐकू येत नाय."

तो हात बघितला आणि मला वैतरण्याचा फलाट दिसला. पोटातून आवाज काढायचा, घशातून नाही, हे तू शिकवलेलं मला इतकी वर्षं पाठ होतं, फक्त वापरलं नव्हतं.

"माझी आत्या!" मी ओरडले. "नटी होती! नाइलाजाने नाही! तिला आवडायचं!"

चहावाल्याच्या हातातलं गाळणं थांबलं. टपरीपलीकडच्या मेडिकलवाल्याने मान बाहेर काढली. टमटमवाल्याने रेडिओ बंद केला. वाक्य पूर्ण गेलं, रस्त्याच्या पलीकडे गेलं.

म्हातारीला काही विशेष वाटलं नाही. "आवडायचं म्हंजे?" ती म्हणाली. "आमाला काय दिसत नव्हतं?"

काका खाली उतरले. कोयता त्यांनी बाबांच्या हातात दिला आणि घरी गेले. दुपारी जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण आमटी मागताना मला म्हणाले, "तिच्या अंगावर ती साडी चांगली दिसतेय."

त्याआधी नाक्यावर, म्हातारी जाताना मी तिला विचारलं, "ती साडी अजून आहे?"

"हाय ना. हे गेले, साडी हाय. गोधडीत नाय घातली मी." टमटममध्ये बसता बसता तिने फलकावरचा दिवस सुनेकडून वाचून घेतला. "दहाव्याला नेसून येते. बसायला पुढं जागा ठेव."

उद्या दहावा आहे, आत्या. पुढच्या रांगेत मी एक खुर्ची धरून ठेवणार आहे. तुझा फ्लेक्स नाक्यावर आहे, वरची दोरी कोयत्याने थोडी कापली गेली म्हणून डावीकडे जरा कललेला, त्यामुळे तू आणखीच डोळा मारल्यासारखी दिसतेस. लोक थांबतात, बघतात, हसतात, तुझं नाव वाचतात. शिडी अजून खांबाला टेकलेलीच आहे. कोणाला चढायचं असेल त्याने चढून बघावं. मी खाली उभी आहे, आणि मला आता ओरडता येतं.